परभणीच्या वाटेवर : गुण किती, जागा किती आणि आशा किती?

मनमाडकडून नांदेडच्या दिशेने निघालेली गाडी सेलू सोडून पुढे आली की खिडकीबाहेर काळीभोर जमीन दिसू लागते. पावसाळ्याच्या तोंडी या जमिनीवर नांगराच्या रेघा उठलेल्या असतात आणि कपाशी-सोयाबीनच्या पेऱ्याची घाई चालू असते. मानवत रोड जाते, परभणी जंक्शन येते. इथून एक फाटा परळीकडे वळतो आणि दुसरा पूर्णेवरून नांदेडकडे जातो. या गावाबद्दल जुनी माणसे एक म्हण सांगतात, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. दुसरीकडे कुठे जमले तर जमले, नाही तर आपली परभणी आहेच, असा तिचा अर्थ.

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतूनही अशीच एक म्हण ऐकू येते. 'लागला नंबर तर लागला, नाही तर आहेच की आपलं मिस्त्रीकाम.' नंबर लागणे म्हणजे जणू लॉटरी लागणे! आपल्या लेकराचा नंबर लागेल की नाही, लागला तर कुठे लागेल, याचा हिशेब मांडता येतो आणि तो घरी बसून मांडता येतो, हे किती पालकांना ठाऊक आहे? हाच एक प्रश्न घेऊन आम्ही परभणी जिल्ह्यात फिरलो. परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर असे नऊ तालुके. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला आणि जिल्हा एवढा उरला.

स्थानकाबाहेरचा पुतळा

स्थानकातून बाहेर पडले की समोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. बाहेरगावी शिकायला जाणारा आपला मुलगा गाडी पकडण्यापूर्वी इथे क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि मग पिशवी उचलतो. याच पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, त्याला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. त्यात पकडले गेलेले सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. ते कायद्याचे विद्यार्थी होते. आम्ही इथे ही आठवण एवढ्यासाठीच काढतो की, या चौकात उभे राहून शिक्षणाची गोष्ट करताना ती कोणत्या मातीवर उभे राहून करतो आहोत, याचा विसर पडू नये. आपल्या समाजाला डॉक्टर हवेत, इंजिनिअर हवेत, तसेच कायदा शिकलेली माणसेही हवीत.

काळी कमान

वसमत रोडने गेले की कृषी विद्यापीठाची काळी कमान लागते. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. कृषी महाविद्यालय मात्र त्याहून जुने, १९५६ सालचे. राज्यात कृषी विद्यापीठे चारच. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी. रब्बी ज्वारीचे 'परभणी मोती' हे वाण इथलेच. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारीही इथलीच. कपाशीचे गाजलेले 'नांदेड ४४' हे संकरित वाण याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातून निघाले. कृषी, उद्यानविद्या, अन्नतंत्र, कृषी अभियांत्रिकी, सामुदायिक विज्ञान असे अनेक अभ्यासक्रम आवारात चालतात. शेजारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ते आता नागपूरच्या विद्यापीठाला जोडलेले आहे.

या कमानीखालून आपली माणसे वर्षानुवर्षे जात आली आहेत. पण कशी? हातात खुरपे आणि डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन, प्रक्षेत्रावर रोजाने निंदायला, वेचायला. ज्या ज्वारीच्या वाणाने विद्यापीठाचे नाव झाले, तिची कणसे खुडणारे हात आपले. तिची चाचणी घेणारे आणि अहवाल लिहिणारे हात त्या मानाने किती थोडे! वस्तीतील एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "दादा, म्या त्या कमानीतून वीस वर्सं गेले. पोरगी गेली तर तिला हापीस कुठंय ते माहीत असावं, येवढंच." मावशींची मुलगी बारावी विज्ञान झाली होती. सीईटी दिली होती. पण निकालाच्या कागदावरचा आकडा चांगला की वाईट, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हते.

टक्के आणि पर्सेंटाइल

पहिला घोळ इथेच होतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर असतात ते टक्के. सीईटीच्या गुणपत्रिकेवर असतो तो पर्सेंटाइल. दोन्ही आकडे शंभराच्या आत असतात, म्हणून सारखेच वाटतात. पण ते एक नव्हेत. टक्के सांगतात, शंभरपैकी किती गुण मिळाले. पर्सेंटाइल सांगतो, शंभर परीक्षार्थींपैकी किती जण तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे आहेत. समजा एक लाख मुले परीक्षेला बसली आणि आपल्या मुलीचा पर्सेंटाइल ९० आला. तर तिच्या पुढे साधारण दहा हजार मुले आहेत. तोच ८० आला तर पुढे वीस हजार. म्हणून 'नव्वद पडले' म्हणून पेढे वाटायचे की नाही, हे त्या अभ्यासक्रमाला जागा किती आहेत यावर ठरते. तसेच 'साठच पडले' म्हणून रडत बसायचेही कारण नाही. साठाला मिळणारी चांगली जागाही असू शकते.

पूर्णेला आम्ही रेल्वेच्या वस्तीत गेलो. पूर्णा हे रेल्वेचे गाव. अकोल्याकडचा फाटा इथून निघतो. रेल्वेच्या कामावर आलेल्या आपल्या लोकांच्या तीन-तीन पिढ्या इथे झाल्या. नोकरीमुळे घरात महिन्याचा पगार आला, मुले शाळेत टिकली. इथल्या विहारात संध्याकाळी चार-पाच मुले अभ्यासाला बसलेली दिसली. त्यातला एकजण सीईटीचा हिशेब घडाघडा सांगत होता. भौतिक-रसायनाचे शंभर प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. प्रश्नपत्रिकेत वीस टक्के भाग अकरावीचा असतो. आणि आपली किती मुले 'अकरावीला काय, बोर्डाची परीक्षा थोडीच आहे' म्हणून ते वर्ष वाया घालवतात!

वैद्यकीयच्या 'नीट'चे गणित निराळे आहे. तिथे ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. तिथे अंदाजाने ठोकलेले उत्तर महागात पडते. एका परीक्षेची सवय दुसरीकडे नेली की नुकसान ठरलेले. हे त्या मुलाला ठाऊक होते, कारण त्याच्या आधी त्याच विहारात बसून त्याची मोठी बहीण हे सारे शिकली होती. घरातील एकाला कळले की मागच्यांची वाट सोपी होते, ती अशी.

पात्र झाला म्हणजे जागा मिळाली असे नव्हे

'नीट'मध्ये पात्र ठरण्यासाठी खुल्या गटाला पन्नासावा आणि अनुसूचित जातींना चाळिसावा पर्सेंटाइल लागतो. पेपरात 'पात्र' हा शब्द वाचून एका गावात बेंजो लावून मिरवणूक काढल्याचे आम्हाला सांगण्यात आले. ऑगस्ट उजाडला तेव्हा त्या मुलाला सरकारी महाविद्यालयात जागा नव्हती आणि बाकीच्या अभ्यासक्रमांचे अर्ज त्याने भरलेच नव्हते. पात्र होणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळणे. खिडकीपर्यंत पोहोचणे ही वेगळी गोष्ट.

मराठवाड्याच्या मुलांना या रांगेत पूर्वी आणखी एक अडचण होती. वैद्यकीयच्या सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातील मुलांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, असा नियम होता. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून इथल्या मुलांच्या वाट्याला जागाही कमी. सप्टेंबर २०२० मध्ये तो नियम रद्द झाला. आता राज्याच्या कोट्यातील जागांसाठी साऱ्या महाराष्ट्राची एकच गुणवत्ता यादी असते. सरकारी महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा देशपातळीवरील कोट्याच्या, त्या वेगळ्या. पुढे २०२३ साली परभणीतच शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे दार जवळ आले आहे. पण एकच यादी असल्यामुळे परभणीच्या जागेवर कोल्हापूरचा मुलगा येऊ शकतो आणि आपला मुलगा कोल्हापूरला जाऊ शकतो. 'गावातलं कॉलेज, गावातल्यांनाच मिळेल' या भ्रमात राहू नये आणि 'लांबचं कॉलेज, आपल्याला कोण देतंय' या न्यूनगंडातही राहू नये.

यादी कशी वाचावी?

परभणीहून जिंतूरला जाताना रान बदलते. सपाट काळी जमीन संपून माळ आणि डोंगर सुरू होतात. पुढे येलदरीचे धरण, दुसऱ्या बाजूला जुन्या देवळांचे चारठाणा. या भागातील एका गावात एक शिक्षक भेटले. ते दरवर्षी मागील तीन वर्षांच्या प्रवेशाच्या याद्या काढून ठेवतात आणि गावातील मुलांना, कोणत्याही जातीची असोत, ओट्यावर बसवून त्या समजावून सांगतात. त्यांची रीत साधी आहे. ती आम्ही वाचकांसाठी इथे देतो.

कट-ऑफ म्हणजे त्या महाविद्यालयात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात शेवटची जागा मिळालेल्या मुलाचे गुण किंवा क्रमांक. तो दरवर्षी बदलतो. परीक्षा सोपी-अवघड होते, जागा कमी-जास्त होतात, मुलांची पसंती बदलते. म्हणून एकाच वर्षाची यादी पाहून निकाल लावू नये. तीन वर्षांच्या पाहाव्यात. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा आकडाही वेगळा असतो, तो पाहावा. मग महाविद्यालयांच्या तीन ओळी कराव्यात. जिथे आपले गुण गेल्या तिन्ही वर्षांच्या आकड्याच्या वर आहेत, ती पक्की ओळ. जिथे कधी वर, कधी खाली, ती बरोबरीची ओळ. जिथे तिन्ही वर्षे आपण खाली, ती आशेची ओळ. अर्जात तिन्ही ओळी असाव्यात आणि आशेची ओळ सर्वांत वर असावी. वरच्या पसंतीला जागा मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा आपला हक्क जात नाही. संगणक क्रमाने खाली येतो. आशेची चार नावे लिहिल्याने काहीच बिघडत नाही. बिघडते ते ती न लिहिल्याने.

एक सावधगिरी मात्र हवी. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, असे नियम असतात. फेऱ्या किती, कोणत्या फेरीत कितवी पसंती बांधून घेणारी, हे वर्षागणिक बदलते. म्हणून जिथे जायचेच नाही असे नाव अर्जात लिहूच नये आणि त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय बोट लावू नये.

इंजिनिअरिंगच्या यादीत इंग्रजी अक्षरांची कोडी असतात. 'जीएससीएच' म्हणजे सर्वसाधारण, अनुसूचित जाती, स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील जागा. पहिले अक्षर 'एल' असेल तर ती मुलींसाठी राखीव. शेवटचे अक्षर 'ओ' असेल तर विद्यापीठ क्षेत्राबाहेरच्या मुलांची, 'एस' असेल तर राज्यस्तरीय जागा. परभणीच्या मुलाचे विद्यापीठ नांदेडचे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. एवढी चार अक्षरे उलगडली की ती यादी कुणालाही वाचता येते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. राज्यात अनुसूचित जातींना तेरा टक्के जागा आहेत. म्हणून आपली मुले फक्त त्याच रकान्याकडे पाहतात. पण खुली जागा म्हणजे उच्चवर्णीयांची जागा नव्हे! ती सर्वांची आहे. गुणांवर आपला मुलगा खुल्या जागेत बसत असेल तर त्याला तीच मिळाली पाहिजे आणि राखीव जागा मागच्या भावंडासाठी शिल्लक राहिली पाहिजे. त्या शिक्षकांनी हे सांगितले तेव्हा ओट्यावरचा एक मुलगा चमकून म्हणाला, "सर, मंग आपण दोन्हीकडं बघायचं का?" होय, दोन्हीकडे बघायचे.

कागद नसला तर गुण व्यर्थ

गंगाखेडला गोदावरीचा विस्तीर्ण काठ आहे. संत जनाबाईंचे हे गाव. गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. आई-बाप फडात असताना मुले आजीजवळ राहून बारावी करतात. अशा घरात अभ्यासाइतकीच दुसरी एक गोष्ट अडते, ती म्हणजे कागद.

जातीचे प्रमाणपत्र असते, पण वैधता प्रमाणपत्र नसते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागतेच. ते नसेल आणि दिलेल्या मुदतीत आले नाही, तर राखीव जागेवरचा हक्क जातो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. आता पाहा, त्या काळी आपला मराठवाडा नुकताच निजामाच्या राज्यातून, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, मुक्त झालेला. आपल्या आज्या-पणज्यांपैकी शाळेत गेलेले किती? शाळेचा दाखला नाही, जमीन नाही म्हणून सातबारा नाही. ज्यांचे काही आहे ते निजामकाळचे, उर्दूतले. ते शोधा, त्याची नक्कल काढा, भाषांतर करून घ्या. हे महिनाभराचे काम नव्हे. म्हणून मूल अकरावीला जाताच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. चुलत्याचे किंवा आत्याचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडावे, वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील पुराव्याला वजन असते. सरकार कधीकधी मुदत वाढवून देते, पण त्या भरवशावर लेकराचे वर्ष टांगू नये.

आणखी एक. देशपातळीवरील संस्थांसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र लागते. धम्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. तोवर राज्यात सवलत आणि दिल्लीत नाही, अशी स्थिती होती. त्या हक्कासाठी चौतीस वर्षे लागली. तो हक्क केवळ चुकीच्या नमुन्यातील कागदामुळे गमावणे योग्य नव्हे. उलट, अनुसूचित जातीला नॉन-क्रिमिलेअरचे प्रमाणपत्र लागत नाही. ते काढून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

शेतीच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबातील मुलांना जादा गुण देण्याची पद्धत चालत आली आहे. सातबारा नसलेल्या शेतमजूर घरांसाठी त्या वर्षीच्या पुस्तिकेत काय तरतूद आहे, कोणाचे प्रमाणपत्र मागितले आहे, ते शब्दन् शब्द वाचावे. आयुष्यभर माती कसणारा माणूस केवळ मालक नाही म्हणून त्याच्या मुलीने कोरे पान सोडू नये.

फी, वसतिगृह आणि सेवा केंद्रवाला

मानवत-पाथरी रस्त्यावर एका चहाच्या टपरीवर एक हमाल बांधव म्हणाले, "नंबर लागंल हो, पण पैसा?" प्रश्न खरा आहे. म्हणूनच ही माहिती प्रत्येक घरात हवी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हीचे अर्ज महाडीबीटीवर करायचे. समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पण हे लाभ शासनाच्या प्रवेशफेरीतून आलेल्यांना मिळतात. एजंटाच्या नादी लागून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती गेली. तेव्हा 'फेरीत नाही लागणार, आमच्याकडून थेट घ्या' असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. त्याला आपल्या मुलाच्या नशिबाची चिंता नसते, आपल्या दलालीची असते.

दुसरी सावधगिरी ऑनलाइन सेवा केंद्राची. तिथला मुलगा भला असतो, पण त्याच्यासमोर पन्नास अर्ज असतात. पसंतीक्रम घरून कागदावर लिहून न्यावा, तो भरताना शेजारी बसावे, छापील प्रत हातात घेऊन ताडून पाहावी. मोबाईल नंबर आपलाच द्यावा, पासवर्ड आपल्याच वहीत लिहावा. अर्जात त्याचा नंबर दिला आणि जागा लागल्याचा निरोप त्याच्याच मोबाईलमध्ये राहिला, तर भाऊसाहेब लग्नाला गेलेले आणि इकडे मुदत संपलेली!

मुलीच्या वेळी हिशेब का बदलतो?

सेलूत एका घरी भाऊ-बहीण दोघेही विज्ञानाचे. भावासाठी पुण्यापर्यंतच्या महाविद्यालयांची नावे लिहिलेली. बहिणीचे गुण त्याच्यापेक्षा चांगले, पण तिच्या यादीत एकच नाव, जाऊन-येऊन करता येईल असे. आम्ही विचारले, "असं कामून?" वडील गप्प राहिले. आजी म्हणाली, "लांब कोण बघंल तिला?" आम्ही एवढेच सांगितले की, प्रवेशात तीस टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, वसतिगृहे मुलींचीही आहेत. म्हणजे कागदावर तिची संधी भावाहून मोठी आहे आणि ती घरातच छाटली जात आहे. दोन दिवसांनी निरोप आला, यादीत नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची नावे आजीनेच घालायला लावली म्हणून. छाटणारा हातच लिहू लागला!

२८२ गुणांचा मुलगा

या सगळ्या आकड्यांच्या गर्दीत एक आकडा विसरू नये. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३७.६ टक्के. आजच्या यादीत तो आकडा कुठे बसेल, ते वाचकांनीच पाहावे. त्याच मुलाने १९१२ साली बी. ए. केले, १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ गाठले आणि पुढे लंडनची डी. एस्सी. मिळवली. गुण महत्त्वाचे नाहीत असा याचा अर्थ नव्हे. बाबासाहेबांनी तर अठरा-अठरा तास अभ्यास केला. अर्थ असा की, गुण हे त्या दिवसाचे माप आहे, माणसाचे नव्हे. कट-ऑफच्या खाली राहिलेल्या मुलाला घरात, वस्तीत कुणी 'ढ' म्हणू नये. त्याला पुन्हा मोजून घेण्याची संधी द्यावी. नापासाच्या शरमेने एखादे लेकरू जिवाचे बरे-वाईट करून घेते, त्यापेक्षा मोठा तोटा समाजाला दुसरा नाही.

हीही आठवण असू द्यावी की, निजामाच्या काळात परभणीच्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तेही उर्दूतून. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. त्याच्या वसतिगृहांनी मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांना पहिल्यांदा उंबरठा ओलांडून दिला. पुढे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. विद्यापीठाच्या पाटीसाठी एवढे सोसलेल्या समाजाने विद्यापीठाचा अर्ज भरताना आळस करावा काय?

विहारात एक टेबल

कालामांना भगवान बुद्धांनी शिकवले की, ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, कुणा मोठ्याने सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. प्रवेशाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. शेजाऱ्याच्या पाहुण्याने 'तिथं नाही लागत आपल्यांचा नंबर' म्हटले की वही मिटतो. तो पाहुणा यादी वाचून बोलत होता की आपल्या भीतीतून, हे विचारत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. ज्या विहारात रविवारी वंदना होते, तिथे जून ते ऑगस्ट या काळात वंदनेनंतर दोन तास एक टेबल लावावे. त्यावर तीन वर्षांच्या याद्या, त्या वर्षाची माहितीपुस्तिका आणि कागदपत्रांची यादी ठेवावी. नोकरीतील एक भाऊ, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी, एवढी दोन माणसे पुरेत. खर्च म्हणावा तर झेरॉक्सचा. वर्गणीतून जयंतीचा मंडप उभा राहतो, तसे हे टेबलही उभे राहील. आलेल्या मुलाला त्याच्या तिन्ही ओळी लिहून द्याव्यात आणि पुढच्या रविवारी काय झाले ते विचारावे.

काळ्या कमानीची मावशी आम्हाला पुन्हा भेटल्या नाहीत, पण त्यांच्या मुलीच्या निकालाचा कागद आम्ही वाचून दिला होता. तिच्या गुणांवर आशेच्या ओळीत दोन नावे, बरोबरीच्या ओळीत तीन आणि पक्क्या ओळीत चार नावे निघाली. परभणीचे कृषी महाविद्यालय बरोबरीच्या ओळीत होते. मुलीने ती नऊ नावे स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतली आणि वैधतेच्या अर्जाची पावती त्याच पानाला टाचली. जागा कुठली लागेल ते यादी सांगेल. मात्र 'लागला तर लागला' हे त्या घरातून आता गेले आहे. ते प्रत्येक घरातून जावे. जयभीम!